जळक्या तारेचं कडं

तामलवाडी, ता. तुळजापूर
१५ ऑक्टोबर २०२४

करिश्मा,

तुझी मोटार तयार आहे. एसटीच्या पार्सलनं पाठवतोय आणि हे पत्र तिच्याच खोक्यात टाकतोय. फोन केला नाही, कारण त्याचा उपयोग नाही. चाळीस वर्षं मोटारी कानाशी धरून तपासल्या, त्यात कान गेले. फोनवर तू ओरडतेस, मी ओरडतो, शेवटी तुझी मामी फोन ओढून घेते आणि तू काय जेवलीस हे विचारत बसते. कामाचं बोलणं कागदावरच बरं.

मोटार तू जाळली नाहीस असं तू लिहिलंस. ते मी मानतो. शाळेच्या चार उन्हाळी सुट्ट्या तू माझ्या दुकानात काढल्यास आणि एकही मोटार जाळली नाहीस. पण मालवणचा दुकानदार म्हणाला म्हणे, ही नवी तार गुंडाळून भरता येत नाही, नवीच घ्या. त्याला सांग, तामलवाडीत भरली. वीतभर मोटार, आणि ती म्हणे बोटीचा अख्खा पाय पाण्याबाहेर उचलते. तुझ्या मामीला सांगितलं तर ती म्हणाली, बोटीला पाय कशाला लागतो? मलाही नीट कळलेलं नाही. सविस्तर लिही.

खंडेनवमीला हिची जळकी तार काढली आणि आपल्या रिवाजाप्रमाणं तिचं कडं केलं. तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण विसरायची खोड तुझ्या बापाकडून आली आहे. जळालेल्या तारेचे पाच पदर वळायचे, चिंचेनं घासायचे, ठोकून चपटे करायचे आणि त्याच यंत्राच्या बोल्टखाली आवळून बसवायचे. जे जळायचं ते जळून झालं, आता पुन्हा नाही. माझ्या उस्तादानं मला दिलेली रीत आहे. तुळजापूरपासून मुरुमपर्यंत लोक मोटारीवरचं कडं बघून म्हणतात, ही बलभीमनं भरली.

फक्त हे कडं मोटारीला लावू नकोस. मोटार बोटीच्या पोटात, कोरड्यात बसलेली. घोर आहे तो पाण्यातल्या पायाचा. पायाला लाव.

शिवपुत्र अण्णाकडं तुझं नाव मी टाकलंय, हे ध्यानात असू दे.

मामा


मालवण
२६ ऑक्टोबर २०२४

मामा, नमस्कार.

मोटार बसवली. कळ दाबली की पाय उचलतो आणि आवाजही येत नाही. दुकानदाराला दाखवली तर त्याला माझं बोलणं खोटं वाटलं.

पाय म्हणजे काय ते सांगते. आपल्या अण्णांची बोट दुसऱ्याची वापरलेली आहे, तुम्हाला माहीत आहेच. मुरुमात डाळीची मिल चालवणाऱ्या माणसाला पर्यटकांची बोट घ्यायची बुद्धी कुठून झाली ते त्यांनाच ठाऊक. त्यांना पोहायलाही येत नाही. तर ह्या बोटीचं इंजिन आत, मागच्या फळीला लागून असतं. त्या फळीतून एक पाय बाहेर निघून पाण्यात उतरतो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. इंजिन ट्रॅक्टरचं असावं तसंच, त्याची मला भीती नाही. भीती पायाची. तो ॲल्युमिनियमचा आहे, आपल्याकडं जर्मन म्हणतात तेच. आणि बोट बारा महिने खाडीच्या खाऱ्या पाण्यात उभी. इथले एक म्हातारे तांडेल आहेत, बोट हाकणारे, ते म्हणतात, ही धरणाच्या गोड्या पाण्यातली बोट, चुकून समुद्राला दिली.

म्हणून रोज फेऱ्या संपल्या की पाय वर उचलायचा, गोड्या पाण्यानं धुवायचा, इंजिनातूनही गोडं पाणी फिरवायचं. आठवड्याला ग्रीस. आतलं ऑइल दुधासारखं पांढरं झालं का ते बघायचं, झालं तर पाणी शिरलं. आणि पायावर जस्ताच्या दोन वड्या बोल्टनं आवळलेल्या असतात. खारं पाणी आधी त्या जस्ताला खातं आणि पाय वाचतो. जस्त झिजलं की नवीन लावायचं. एक वडी वर्षभर तरी टिकावी.

माझ्या आधीच्या माणसानं एक पाय असाच सडवला. हा दुसरा आहे. अण्णांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलंय, हाही गेला तर तू तुझ्या गावी सोनारीला आणि बोट भंगारात. सोनारीला परत जाणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता. बाबा म्हणतच आहेत की पोरीनं पान्हा धरून काय होतं ते दोन महिन्यांत दिसेल. चुलत्यांच्या दुकानात बांगड्या विकायला माझी जागा राखून ठेवलीय.

तुमचं कडं जस्ताच्या बोल्टखालीच बसवलं. तिथला रंग मी आधीच खरवडला होता, त्यामुळं घट्ट बसलं. छान दिसतं.

करिश्मा


तामलवाडी
१२ नोव्हेंबर २०२४

करिश्मा,

कार्ड टाकतोय, कारण लिहिण्यासारखं जास्त नाही. कडं बसवलंस, उत्तम. आता घोर करू नकोस. धुण्यात मात्र आळस नको. इथं धुरपताबाईच्या विहिरीतली मोटार पुन्हा माझ्या दारात आली आहे, अकरा वर्षांत चौथ्यांदा. खालून पोखरलेली. पाणी मचूळ आहे हे मान्य, पण बाई मोटारीकडं बघतच नाही. तुझी तशी गत नको.

मामा


मालवण
८ डिसेंबर २०२४

मामा,

कार्ड मिळालं. मी आळस करत नाही, हे आधी लिहून टाकते.

काल पाय उचलून खाली वाकून बघितलं तर जस्ताची एक वडी जवळजवळ संपली आहे. सप्टेंबरात लावलेली, वर्षभर चालायची ती तीन महिन्यांत गेली. दुसऱ्या बाजूची बरी आहे. आणि संपलेल्या वडीच्या आसपास पायाचा रंग फुगलाय. नखानं टोकरलं तर खालून पांढरी भुकटी निघाली आणि खाली बारीक खड्डे.

अण्णांचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं. लपवून काय करणार, जेटीवर त्यांना चुगल्या पोचवणारे दोघं-तिघं आहेत. अण्णा शांतपणे म्हणाले, "बाई, पयला पाय बी असाच गेला. तेव्हा बी पयल्यांदा भुकटीच निघाली हुती."

नवी वडी लावली. खड्डे घासून रंगवले. मी काय चुकतेय ते मला कळत नाही आणि ह्याचाच जास्त राग येतोय.

करिश्मा


तामलवाडी
१७ डिसेंबर २०२४

करिश्मा,

तुला राग येतोय, मला काय गुदगुल्या होतायत का? शिवपुत्र अण्णा मला तीस वर्षं ओळखतो. त्याच्या मिलच्या सगळ्या मोटारी माझ्या हातच्या. त्याच्यापाशी मी शब्द टाकला की ही पोर चार पोरांना भारी आहे. आता तो मला लग्नाकार्यात भेटला की आधी हसतो आणि मग बोलतो.

मी विचारतो त्याची सरळ उत्तरं दे. रोज धुतेस म्हणजे रोज की आठवड्यातून चार दिवस? धुतेस ते पाणी खरंच गोडं आहे का, की जेटीवरच्या टाकीत समुद्राचंच येतं? पाय पूर्ण वर उचलतेस की कंटाळा आला की अर्धा? तुम्हा पोरांचं असं असतं की दहा वेळा नीट करता आणि अकराव्या वेळी मोबाइल वाजतो. धुरपताबाईचंही हेच. तिला विचारलं, बाई, मोटार कोरडी चालवतेस का, तर म्हणते न्हाय. पंप चालू करायचा आणि भाकरी थापायला जायचं, मग तिला कळणार कुठून?

एक सांग, कडं कसं आहे?

मामा


मालवण
२ जानेवारी २०२५

मामा,

सरळ उत्तरं देते. रोज म्हणजे रोज. नाताळात दिवसाला नऊ फेऱ्या झाल्या, तरी. पाणी गोडं आहे, मी चाखून बघते, आता जेटीवरची माणसं मला नळाला तोंड लावणारी बाई म्हणून ओळखतात. पाय पूर्ण वर. त्याच्यावर शिंपल्यासारखे कडक कवच धरणारे किडे बसतात, ते लाकडी पट्टीनं काढते, लोखंडी लावत नाही. पाय फळीतून बाहेर निघतो तिथला रबरी भाता फाटला नाही ना, ते तपासते. ग्रीस भरते. इतकं मी स्वतःला तेल लावून घेतलं असतं तर केस गुडघ्यापर्यंत आले असते.

आणि तरीही नवी वडी चार आठवड्यांत अर्धी झाली. तीच बाजू. खड्डे पुन्हा, आणि ह्या वेळी खोल. ऑइल बघितलं तर किंचित पांढरट. म्हणजे पाणी आत शिरायला लागलं. ऑइल बदललं, बूच नवीन टाकलं. अण्णांना हे अजून सांगितलेलं नाही.

तुमचं कडं कसं आहे म्हणून विचारलंत. सगळ्या पायावर तेवढी एकच गोष्ट धडधाकट आहे. मळसुद्धा धरत नाही. शेजारचं जस्त भुकटी होऊन पडतंय आणि कडं लखलखीत.

मला खरंच कंटाळा आलाय मामा. कामाचा नाही. सगळं करूनही आळशी ठरण्याचा.

करिश्मा


तामलवाडी
११ जानेवारी २०२५

करिश्मा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू करतेस ते बरोबर करतेस असं दिसतंय. मग मी बसून विचार केला, आणि उत्तर तुझ्याच पत्रात आहे. सगळं गेलं, पण कडं टिकलं. म्हणजे जे रीतीनं केलंय ते टिकतंय आणि जे बाजारातून आणलंय ते जातंय. कडं कमी पडतंय, एवढंच. एवढ्या मोठ्या समुद्रापुढं पाच पदराचं कडं काय पुरणार? विहिरीच्या मापानं मी केलं, ही माझी चूक.

म्हणून सोबत दुसरं पाठवतोय. अकरा पदरांचं, तळहाताएवढं. उस्तादानं मला पहिली मोटार भरायला दिली होती, तिची जळकी तार मी जपून ठेवली होती. ती ह्यात घातली. ते दुसऱ्या बाजूच्या जस्ताखाली आवळ.

आणि परवा मुरुमला जाऊन आलो. अण्णाला ऑइलचं मी सांगितलं. लपवून ठेवणं मला जमत नाही. तो म्हणाला, हंगाम संपेपर्यंत थांबनार न्हाय, मार्चमधी सोता जाऊन पाय बघतो आन् तिथंच निकाल लावतो. मी म्हटलं, बघ. मला खात्री आहे.

मामा


मालवण
२० फेब्रुवारी २०२५

मामा, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

अण्णांना तुम्ही ऑइलचं सांगितलंत हे मला त्यांच्याच फोनवरून आधी कळलं. असो.

आता सगळं ठीक आहे. जानेवारीच्या शेवटी दोन्ही वड्या नवीन लावल्या, तीन आठवडे झाले, जशाच्या तशा आहेत. भुकटी नाही. ऑइल मधासारखं स्वच्छ. खड्डे भरून, घासून रंगवलेत. दोन्ही कडी माझ्याकडं व्यवस्थित आहेत.

मामीला सांगा, भाजी रोज मिळते.

करिश्मा


तामलवाडी
२८ फेब्रुवारी २०२५

करिश्मा,

मी सांगितलं नव्हतं?

तुझं पत्र घेऊन मी दुसऱ्या दिवशीच मुरुमला गेलो. अण्णाला वाचून दाखवलं. एक कडं होतं तेव्हा काय हाल, दुसरं लावलं आणि काय फरक, तूच बघ म्हटलं. तो पंधरा मार्चला तिथं येतोय. त्याला बोटीतलं काही कळत नाही, म्हणून मी त्याला सोपी खूण सांगून ठेवली. म्हटलं, अण्णा, पाय उचलायला लाव आणि आधी कडी बघ. दोन्ही जागेवर असतील तर समज पोरगी सांगितलेलं ऐकते आणि बोट तिच्या हाती ठेव. नसतील तर तू मोकळा, मी मधे पडणार नाही. त्यानं हातावर हात मारला.

ह्यातून मला आणखी एक सुचलं. आपल्याकडं विहिरीत बुडवलेल्या जेवढ्या मोटारी मी भरल्या, त्यांची कडीही कमीच पडत असणार. आता सगळ्यांना अकरा पदरांची लावायला काढली आहेत. पहिली धुरपताबाईची. तिच्यावर माझा जरा जास्तच राग निघाला होता. मोटार भरून तयार आहे, मोठं कडं घालून पुढच्या आठवड्यात विहिरीत सोडतो.

मामा


मालवण
६ मार्च २०२५

मामा,

धुरपताबाईंची मोटार विहिरीत सोडू नका. फोनवर हे सगळं तुम्हाला ऐकू जाणार नाही, म्हणून पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय.

मी तुमच्याशी खोटं बोलले. दोन्ही कडी माझ्याकडं व्यवस्थित आहेत असं लिहिलं, ती हत्यारांच्या पेटीत आहेत. सत्तावीस जानेवारीला काढली. दुसरं कडं बसवलं आणि दहाव्या दिवशी पाय धुताना वाकून बघितलं, तर त्या बाजूला कधी नव्हते ते खड्डे पडले होते. ते कसे पडले होते ते वाचा. कड्याच्या भोवतीनं, गोल, ओळीनं. कडं काढलं तरी कड्याचा आकार तसाच राहिला.

तेव्हा तांडेल शेजारी उभे होते. ते मला रागावत नाहीत कधी. त्या दिवशी मात्र म्हणाले, "बाय, ह्यां तांबां हय कोणी लायलां?" मी म्हटलं, माझ्या मामांनी. मग त्यांनी समजावून सांगितलं. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांतलं हलकं ते विरघळत जातं आणि तांब्याला काही होत नाही. जस्त आधी मरतं, ते संपलं की पाय. म्हणून कडं लखलखीत होतं मामा. ते आमची राखण करत नव्हतं.

मलाही खरं वाटलं नाही. खोलीवर जर्मनची वाटी होती, तिच्यात समुद्राचं पाणी घेतलं आणि लहान कडं तिच्या काठाला बांधून आत सोडलं. दुसऱ्या तशाच वाटीत नुसतं पाणी. सहा दिवसांत पहिल्या वाटीच्या बुडाला पांढरे ठिपके पडले. दुसरीला काही नाही.

तुम्हाला कळवलं नाही, कारण उस्तादाची तार तुम्ही चाळीस वर्षं जपलीत आणि ती माझ्यासाठी मोडलीत. मला वाटलं, मी गुपचूप काढीन, पाय वाचेल आणि तुम्ही खूश राहाल. पण तुम्ही माझ्या खोट्यावर अण्णांना वचन देऊन आलात, आणि आता धुरपताबाईंच्या मोटारीला जाडं कडं घालताय.

पंधरा तारखेला अण्णा कडी बघणार. ती परत लावणं हे दोन बोल्टचं काम आहे. एका दिवसात पायाचं काही बिघडत नाही, अण्णा गेले की पुन्हा काढता येतील आणि नोकरी राहील. काल मी पान्हा हातात घेऊन खाली बसले होते. मग उठले. मी लावणार नाही. त्यांनी मला काढलं तर काढू दे, पण सडवणाऱ्या वस्तूकडं बोट दाखवून मी चांगली मेकॅनिक आहे असं म्हणवून घ्यायचं, हे तुम्ही मला शिकवलेलं नाही.

मला माफ करा. खोट्याबद्दल. खऱ्याबद्दल नाही.

करिश्मा


तामलवाडी
११ मार्च २०२५

करिश्मा बाळ,

मी तुजी मामी लिहिते. सातवीनंतर पयल्यांदाच एवडं लांबलचक लिहिते, तवा हसू नगं.

तुजं पत्र आलं त्या दिसापासनं मामा जेवतेत पर बोलत न्हायती. आदी लई चिडले. म्हनले, "कालची पोर मला तांबं शिकिवती." पत्र फेकलं, मग सोताच उचलून आनलं. मग माजं भाताचं जर्मनचं पातेलं घेतलं, त्यात मूठ मूठ मीठ टाकून पानी भरलं, आन् एक कडं आत बांधून परसात ठिवलं. म्या म्हनलं भात कशात घालू, तर ऐकूच आलं न्हाय. घंट्या घंट्याला जाऊन वाकून बघतेत. दाळिंबीच्या झाडाखाली खुर्चीच टाकली हाय.

काल सांजच्याला पातेलं उपडं केलं, पदरानं पुसलं, माज्या पदरानं, आन् लई येळ बोटानं चाचपत बसले. मग मला म्हनले, "सारजा, पान्यातल्या मोटारी किती असतील गं आपल्या?" म्या म्हनलं मला काय ठावं. तर म्हनले, "आन् म्या समद्यांस्नी आळशी म्हनलो."

आज सकाळी चहा न घेता मुरुमच्या एसटीत बसून गेले. कशाला ते सांगितलं न्हाय. धुरपताबाईची मोटार दुकानातच हाय, सोडली न्हाय. तू जेव.

तुजी मामी सारजा


मालवण
१७ मार्च २०२५

मामा, मामी, दोघांना नमस्कार.

अण्णा आले होते. जेटीवर फळीवरून चालताना त्यांनी माझा आणि तांडेलांचा असे दोन हात धरले होते. बोटीत बसले नाहीत, काठावरूनच म्हणाले, पाय उचल. उचलला. मी आधीच सांगणार होते की कडी नाहीत, पण त्यांनी हातानं थांबवलं. खाली उकिडवे बसले, चष्मा लावला आणि भरलेल्या खड्ड्यांच्या त्या गोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बलभीम आला हुता मिलवर. म्हनला, अण्णा, म्या सांगितल्याली खूण उलटी धर. कडं दिसलं तर पोरगी घाबरली म्हन, न्हाय दिसलं तर तिच्या हाताला काम ठिव. आन् पाय जेवडा सडला तेवडा माज्यामुळं सडला, तिच्या नावावर घालू नगंस."

 अण्णा म्हणाले, तीस वर्षांत ह्या माणसाला चुकलो म्हणताना ऐकलं नव्हतं, ते ऐकायला मुरुमहून इथवर यावं लागलं असतं तरी आलो असतो. बोट माझ्याकडं राहिली. पावसाळ्यात ती पाण्याबाहेर काढून ठेवायची, असंही त्यांनी कबूल केलं, जे मी सप्टेंबरपासून मागत होते.

उस्तादांच्या तारेचं कडं मी नीट पुसून कापडात गुंडाळलंय. ते परत पाठवू का?

करिश्मा


तामलवाडी
२५ मार्च २०२५

करिश्मा,

कडं पाठवू नकोस. तुझ्या पेटीत राहू दे, कोरड्यात.

पातेल्याला भोकं पडली. मामीनं नवीन आणायला लावलं आणि वर ते गावभर सांगितलं. पाण्यातल्या एकवीस मोटारी मी भरलेल्या निघाल्या. वहीत नव्हत्या, डोक्यातून काढल्या. आजवर नऊ वर ओढून बघितल्या. बिडाच्या आहेत, जर्मनसारख्या लवकर जात नाहीत, पण जिथं पाणी मचूळ तिथं कड्याच्या भोवती तोच तुझा गोल. मी तो गोल चाळीस वर्षं बघत आलो आणि म्हणत आलो, बघा, सगळं सडलं तरी माझं कडं टिकलं. विहिरीच्या काठावर कोरड्यात बसलेल्या मोटारींना काही झालेलं नाही. त्यांची कडी तशीच ठेवली. तेवढा माझा हट्ट राहू दे.

धुरपताबाईकडं परवा गेलो. मोटार तिच्या ओट्यावर ठेवली, कडं काढून दाखवलं आणि सगळं सांगितलं. अकरा वर्षं तुला बोललो, तुझी काही चूक नव्हती, असं म्हणालो. ती जागची हलली नाही. म्हणाली, "दाजी, हे येवडं मोठ्यानं म्हना की. सून आत हाय."

म्हणालो. माझा आवाज तुला माहीत आहे. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. मग बाईनं चहा ठेवला आणि बराच वेळ आतच राहिली.

आता कामाचं. जुन्या सेलांचं जस्त वितळवून मी एक वडी ओतली आहे, हाताच्या अंगठ्याएवढी जाड. तिच्या मोटारीला लावावी म्हणतो. पण ती कुठल्या बाजूला घ्यायची, खालचा रंग किती खरवडायचा, बोल्ट कशाचा हवा, आणि किती दिवसांनी वर ओढून बघायचं, हे मला माहीत नाही. मला हे कुणी शिकवलेलं नाही. तू लिही. मला समजलंय असं धरून काही गाळू नकोस आणि अक्षर मोठं काढ.

धुरपताबाई तोवर विहिरीतून घागरीनं पाणी ओढतेय. उशीर करू नकोस.

मामा